तीनचं फीड अजून चालूच आहे

पत्र:

ताई, मी ३१ वर्षांची नर्स. पंचवटीत आई, दादा, वहिनी आणि त्यांचं अकरा महिन्यांचं बाळ असं आमचं घर आहे. एका आंतरराष्ट्रीय वैद्यकीय मदत संस्थेतर्फे मी दक्षिण सुदानमध्ये बेंतियूला नऊ महिने कुपोषित मुलांच्या वॉर्डात काम केलं. ऑगस्टमध्ये परत आले. तिथे मी ठणठणीत होते. इथे रोज पहाटे तीनला जाग येते, मग झोप नाही. दिवाळीत गल्लीत सुतळी बॉम्ब फुटला तेव्हा मी स्वयंपाकघरात ओट्याखाली जाऊन बसले. आईनं हाक मारली तेव्हा मला कळलं मी कुठे आहे ते. गंगापूर रोडला एका लग्नात ताटांत टाकलेलं अन्न बघून आत्याला नको ते बोलले. ती विचारत होती, डॉलर किती मिळाले.

पण लिहायला बसले ते वेगळ्याच कारणानं. बाळाला मांडीवर घेतलं की माझी बोटं आपोआप त्याच्या दंडाभोवती जातात. तिथे आम्ही मुलांचे दंड मोजायचो, तशी. वहिनीनं हे दोन-तीनदा पाहिलं. परवा काही न बोलता तिनं बाळ उचलून घेतलं. आता ती त्याला माझ्याजवळ एकटं ठेवत नाही.

एक रात्र डोक्यातून जात नाही. दोन मुलांचं अंग एकाच वेळी गार पडलं. मी आधी दाराजवळच्या मुलाकडे गेले. पलीकडची मुलगी गेली. तिथल्या माझ्या सहकारी नर्सचे चौदा व्हॉइस मेसेज आलेत, एकही ऐकलेला नाही. काका त्यांची झोपेची अर्धी गोळी देतात, ती कधीकधी घेते. संस्थेनं जानेवारीत पुन्हा याल का म्हणून विचारलंय. तिथे मी बरी होते, इथे बिघडते. मग परत जाणं हाच उपाय नाही का?

– प., पंचवटी

उत्तर:

प., तुला 'तू'च म्हणते.

जानेवारीचं नंतर बोलू. आधी बाळाच्या दंडाचं. पत्र लिहायला तुला त्यानंच बसवलं, आणि हे एकच काम असं आहे की ते या रविवारच्या आत होऊ शकतं.

ती रंगीत पट्टी मी पाहिलेली आहे. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलाच्या दंडाला गुंडाळायची. ११५ मिलिमीटरच्या खाली लाल, १२५ पर्यंत पिवळं, पुढे हिरवं. लाल म्हणजे मूल तीव्र कुपोषित, लगेच उपचार. तू नऊ महिने हे केलंस. पट्टी हातात घ्यायच्या आधीच बोटांना अंदाज यायला लागला असणार. शिंप्याची नजर लग्नघरातसुद्धा समोरच्याच्या खांद्याचं माप घेते, तशीच तुझी बोटं माप घेतात. त्यात विकृत काही नाही. त्या बोटांनी तिथे मुलं वाचवली आहेत. आपण आता पंचवटीत आहोत आणि मांडीवरचं बाळ दादाचं आहे, हे त्यांना अजून कळलेलं नाही, इतकंच.

पण वहिनीला यातलं काय ठाऊक आहे? तिनं पाहिलं ते एवढंच: जिथे लेकरं मरतात अशा ठिकाणाहून आलेली नणंद आपल्या बाळाचा दंड चाचपते, आणि तेव्हा तिची नजर कुठेतरी लांब लागलेली असते. तिच्या मनात काय आलं असेल? बाळात काही खोट दिसली का, काही आजार लागेल का, किंवा आपल्याकडे पहिलटकरणीच्या मनात येतं तसं, दृष्टबिष्ट. मला माहीत नाही, आणि तुलाही नाही. तिनं विचारलं नाही, तू सांगितलं नाहीस.

तेव्हा सांग. बाळ झोपलेलं असताना, दोघीच असताना. लांबलचक नको. "वहिनी, तिथे मी दिवसभर लेकरांचे दंड मोजायचे. हाताला सवय लागलीय, माझ्या नकळत होतं. बाळात काही वाईट दिसलं म्हणून नाही." आणि पट्टी असेल तर दाखव. एखादी तुझ्या बॅगेच्या कप्प्यात नक्की सापडेल. वहिनीनं ती अंगणवाडीताईंकडे पाहिलेलीही असेल. आपल्याच जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याच्या पाड्यांवर तीच पट्टी वापरतात. वहिनी हो म्हणाली तर दोघी मिळून एकदा, एकदाच, बाळाचा दंड मोजा. हिरवा निघेल. मग पट्टी तिच्याकडे दे आणि म्हण, "आता ही तुझ्याकडे ठेव." यापुढे तुझी बोटं तिथे गेली तर तिनं नुसतं "अगं, हिरवाय" म्हणायचं. मला वाटतं तिलाही हे बरं वाटेल. उचलून नेलेल्या बाळाचं ओझं तिलाही झालं असणार.

आता पहाटे तीनचं. हे लिहिताना तुझ्या लक्षात आलं असेल असं वाटलं होतं, पण पत्रात तू तसं लिहिलेलं नाहीस, म्हणून मी लिहिते. दाखल झालेल्या तीव्र कुपोषित मुलाला सुरुवातीला एफ-७५ हे उपचाराचं खास दूध थोडंथोडं, दर दोन-तीन तासांनी देतात, रात्रीसुद्धा. रात्रीचं फीड चुकलं की मुलाची साखर उतरू शकते, अंग गार पडू शकतं, आणि सकाळपर्यंत मूल हातचं जाऊ शकतं. हे तू मला शिकवायचं, मी तुला नाही. रात्रपाळीत मध्यरात्रीनंतरचं फीड तीनचं. तुला जाग येते तीनला. तुझं शरीर अजून ड्युटीवर आहे, प. त्याला हँडओव्हर मिळालेलाच नाही. पाळी संपताना आपण पुढच्या नर्सला खाटेवार सगळं सांगतो, सही करतो आणि मग घरी जातो. नऊ महिन्यांच्या पाळीचा तुझा हँडओव्हर कुणी घेतला? विमानतळावर दादा घ्यायला आला, घरी पुरणपोळी झाली, शेजारचे भेटून गेले. हँडओव्हर राहून गेला.

मला हे थोडं माहीत आहे, आणि ते पुस्तकातून आलेलं नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट, तीन छप्पन्न. गणपती विसर्जन करून लोक दमून झोपलेले. किल्लारीला भूकंप झाला. आमच्या कॉलेजातले आम्ही बारा जण आठवड्याभरात तिकडे गेलो. मी तीन आठवडे राहिले. दगडमातीच्या जाड भिंती, वर मातीचं जड माळवद. त्याखाली माणसं झोपेतच गेली होती. आमचं घर तेव्हा जुन्या नाशकात वाड्यात होतं. भिंती तशाच, माळवद तसंच. परत आल्यावर मी घरात झोपेना. अंगणात झोपायचे, डिसेंबरातसुद्धा, आणि नाशिकची डिसेंबरची थंडी तुला माहीत आहे. रस्त्यावरून ट्रक गेला की मांडणीवरचे डबे थरथरायचे आणि मी आधी दाराकडे पळायचे. लोक विचारायचे, "कसं होतं गं तिथे?" मी म्हणायचे, "वाईट." विषय संपायचा.

मग एका संध्याकाळी मागच्या खोलीतल्या माई तांदूळ निवडता निवडता म्हणाल्या, "तिथं पाणी कुठून आणत होतात?"

पाणी. टँकर यायचा, सकाळी एक आणि दुपारी एक. दुपारचा बऱ्याचदा यायचा नाही. रांगेत भांडणं व्हायची. एक म्हातारा रोज रिकामी घागर घेऊन यायचा, भरायचा आणि ढिगाऱ्यावर नेऊन ओतायचा, कारण त्याची सून त्या खाली होती आणि तिला तहान लागली असेल असं त्याला वाटायचं. हे मी माईंना सांगितलं. तोवर कुणालाही सांगितलेलं नव्हतं. त्यांनी निवडायचं सूप बाजूला ठेवलं, एवढंच केलं. त्या रात्री मी घरात झोपले नाही. पण झोपले.

'कसं होतं' या प्रश्नाला उत्तर नसतं. ते विचारणाऱ्याला मनापासून हवं असतं, तरी नसतं. नऊ महिने एका वाक्यात कसे सांगायचे? 'पाणी कुठून आणायचात', 'झोपायचात कुठे', 'हाताखाली कोण होतं', 'भाजी काय मिळायची' यांना उत्तर असतं, आणि त्या उत्तरामागोमाग बाकीचं आपसूक बाहेर येतं, जेवढं यायचं तेवढंच. म्हणून हे पत्र तुझ्या आईला वाचायला दे. आई, तुमच्यासाठी लिहिते: तिला 'काय झालंय तुला' असं विचारू नका, 'विसर आता ते' असंही म्हणू नका. भाजी निवडताना, भांडी पुसताना, हात कामात असताना, साधं काहीतरी विचारा. बेंतियूबद्दल मी वाचलंय, की २०२१ पासून तिथे पुराचं पाणी ओसरलेलंच नाही. विस्थापितांच्या छावणीभोवती मातीचे बांध घालून पाणी थोपवून धरलंय, आणि बांधाच्या आतली जमीन पाण्याच्या पातळीपेक्षा खाली आहे. आपण गोदाकाठची माणसं. पुराचं आपल्याला काही सांगावं लागत नाही. "बांध कोण राखायचं गं?" असं विचारा, आणि मग गप्प बसा. ती बोलली नाही तर नाही. उद्या पुन्हा भाजी निवडायचीच आहे.

उलट बाजूचंही सांगते. एकाच बैठकीत धरून सगळं वदवून घ्यायचं, म्हणजे माणूस मोकळा होतो, ही पद्धत मध्यंतरी मदतकार्यात फार चालली होती. नंतरच्या अभ्यासांत दिसलं की अशा एका बैठकीनं पुढचा त्रास टळत नाही, काहींचा तर वाढतो. म्हणून प., कुणी कितीही प्रेमानं म्हणालं तरी सगळं एका दमात ओकून टाकायची सक्ती स्वतःवर करू नकोस.

आता यातला आजाराचा भाग. तो टाळून चालणार नाही.

पत्रावरून मी निदान करत नाही, करूही नये. पण झोप तुटणं, आवाजाला अंग असं प्रतिसाद देणं की आपण कुठे आहोत याचंच भान सुटावं, एक प्रसंग पुन्हा पुन्हा समोर येणं, आणि काही गोष्टींना हातच न लावणं (ते चौदा मेसेज), हे सगळं एका ओळीत बसतं. पीटीएसडी, म्हणजे आघातानंतर टिकून राहणारा मानसिक त्रास, हा शब्द तू नर्सिंगला शिकलीच असशील. १९८० मध्ये अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञांच्या निदानसंहितेत तो आला, तेव्हा बहुतेकांच्या डोळ्यांसमोर व्हिएतनामहून परतलेले सैनिक होते. मदतकार्यातल्या लोकांकडे लक्ष फार उशिरा गेलं. अशा लक्षणांना पहिला महिनाभर पीटीएसडी म्हणत नाहीत. महिन्याच्या पुढे टिकली की तपासून घ्यायची. तुझे तीन महिने होऊन गेलेत.

डॉक्टरांकडे जाशील तेव्हा तीन गोष्टी आपणहून सांग, कारण नाशिकमधल्या ओपीडीत त्या कुणी विचारेलच असं नाही. पहिली, तिथे मलेरियासाठी कोणती प्रतिबंधक गोळी घेत होतीस. मेफ्लोक्विन असेल तर नाव आवर्जून सांग. त्या औषधानं काहींना भयानक स्वप्नं, अस्वस्थता, उदासी येते, आणि गोळी बंद केल्यावरही ती रेंगाळू शकते. २०१३ मध्ये अमेरिकेच्या औषध प्रशासनानं त्यावर सर्वांत कडक इशारा छापायला लावला. दुसरी, ताप येऊन गेला का. तिकडून आलेल्या माणसाचा ताप म्हणजे आधी मलेरियाची तपासणी, मग बाकीचं. तिसरी, काकांची गोळी. ती आजपासून घेऊ नकोस. कधीमधी अर्धी घेतली आहेस म्हणून घाबरायचं कारण नाही, पण डॉक्टरांना नाव आणि किती वेळा ते सांग. रोज घ्यायला लागली असशील तर एकदम बंदही करू नकोस, त्यांना विचारून कमी कर. अशा गोळीनं झोप लागल्यासारखी वाटते, पण आघाताचा त्रास तिनं सुटत नाही, आणि सवय मात्र लागते. काका प्रेमापोटी देतात, त्यांना तसं समजावून सांग. सोबत हिमोग्लोबिन, थायरॉईड, बी-१२ तपासून घे. नऊ महिने तूही काय खात होतीस कोण जाणे.

उपचार आहेत, आणि चांगले आहेत. आघातावर केंद्रित सीबीटी (विचार आणि वागणं यांवर काम करणारी बोलण्याची उपचारपद्धती) आणि ईएमडीआर (डोळ्यांच्या हालचालींच्या साहाय्यानं आघाताच्या आठवणींवर काम करणारी पद्धती) या दोन्हींची शिफारस जागतिक आरोग्य संघटनेनं केलेली आहे. समुपदेशकाला पहिल्याच भेटीत सरळ विचार, "तुम्ही आघातावर काम केलंय का? यातलं कोणतं शिकला आहात?" हे विचारणं उद्धटपणा नाही. सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार ओपीडीतही जाता येईल. आणि पहाटे तीनला कुणाशी तरी बोलावंसं वाटलं तर टेली-मानस, १४४१६. सरकारी सेवा आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतून. तो नंबर आत्ता फोनमध्ये सेव्ह कर, वाचून झाल्यावर नको.

एक विचारायचं राहिलं, ते सरळच विचारते. जगू नये, आपण नसतो तर बरं, असं मनात येतं का? पत्रात कुठे नाही, पण तू सगळं लिहिलंस असं मी धरत नाही. येत असेल तर डॉक्टरांची वेळ मिळेपर्यंत थांबू नकोस. त्याच दिवशी दादाला सांग आणि त्याच्यासोबत जा.

आणि ती रात्र.

'तुझी काही चूक नव्हती' असं मी म्हणणार नाही. ते तुला तिथल्या डॉक्टरांनी सांगितलं असेल, कदाचित आईनंही, आणि ते अळवाच्या पानावरच्या पाण्यासारखं ओघळून गेलं असेल. कारण तुला भीती वाटत नाहीये. तुला टोचतंय. भीतीचा आघात वेगळा आणि हे वेगळं. जे आपल्या हातून व्हायला हवं होतं ते झालं नाही, किंवा कुणालाही करावी लागू नये अशी निवड करावी लागली, त्यानं होणारी ही जखम. मानसशास्त्रात तिला नैतिक जखम म्हणतात. व्हिएतनामच्या सैनिकांबरोबर काम करणाऱ्या जोनाथन शे या मानसोपचारतज्ज्ञांनी हे नाव रूढ केलं. ही जखम चांगल्या नर्सलाच होते. जिला फरक पडत नाही तिला दाराजवळचा मुलगा आठवत नाही आणि पलीकडची मुलगीही नाही.

तुझ्या पत्रात एक वाक्य आहे: "मी आधी दाराजवळच्या मुलाकडे गेले." त्याचं काय झालं, ते तू लिहिलेलं नाहीस. मी दोनदा शोधलं. तो जगला का? जगला असेल तर त्या रात्रीच्या गोष्टीत त्याला जागा का नाही? जगला नसेल, तरी तू त्याच्याजवळ होतीस, तो एकटा नव्हता. हे मी तुला दिलासा म्हणून सांगत नाही. अर्धी लिहिलेली नोंद आहे, ती पूर्ण कर एवढंच म्हणते. समुपदेशकाबरोबर बसून, एकटीनं नको, ती रात्र केस पेपरसारखी लिही: किती खाटा, किती नर्स, किती वाजता कुणाचं अंग गार लागलं, तेव्हा तुला काय माहीत होतं. नंतर काय कळलं ते त्या कागदावर नको. त्या रात्री दोन मुलांचं अंग एकदम गार पडावं आणि हाताशी एकच नर्स असावी, हे तू ठरवलं नव्हतंस. कुणीतरी, कुठेतरी, निधी, लढाई, पूर, रस्ते या सगळ्यांनी ते ठरवलं होतं. त्या सगळ्याची सही तू एकटी करते आहेस.

मुलीचं नाव आठवत असेल तर तिच्यासाठी काहीतरी कर. काय, ते मी सांगणार नाही. रामकुंडावर जाऊन गोदेत एक दिवा सोडावासा वाटला तर सोड, नाही वाटला तर नको. पण तिच्यासाठी रडायला तुला अजून वेळच मिळालेला नाही. तिथे लगेच पुढचं काम उभं होतं.

ते चौदा मेसेज याच्याशीच जोडलेले आहेत. तू उघडत नाहीस, कारण तुझी ती सहकारी अजून तिथे आहे आणि तू नाहीस. मदतकार्यातले बहुतेक लोक त्याच देशातले असतात, मारले जातात तेही जास्त करून तेच, आणि त्यांना परतायला दुसरं घर नसतं. आपल्याकडे पासपोर्ट होता, याची लाज वाटते. मला त्यात लाजेसारखं काही दिसत नाही, पण ती वाटते हे खरं आहे. सगळे ऐकू नकोस. शेवटचा एक ऐक, दिवसाउजेडी, आई जवळ असताना. ती वाईट बातमीच देत असेल असं तू धरून चालली आहेस. कदाचित ती तुझी ख्यालीखुशाली विचारत असेल आणि उत्तर येत नाही म्हणून काळजीत असेल. उत्तरात एकच वाक्य पुरे: मी बरी नव्हते, म्हणून बोलले नाही, तुझी आठवण येते.

एक गोष्ट इथली सांगते. आपल्या देवळालीला इंग्रजांची छावणी होती. मुदत संपलेले सैनिक तिथे बोटीची वाट बघत राहायचे. बोटी ठरावीक महिन्यांतच निघायच्या, म्हणून काहींना महिनोन्‌महिने थांबावं लागायचं. ना लढाई, ना घर. त्या थांबण्यात कित्येकांची मनं ढळली, इतकी की 'डूलॅली' हा शब्द डोकं फिरण्यासाठी इंग्रजीत कायमचा बसला. तो आपल्या देवळालीचाच अपभ्रंश. रणांगणात जे तग धरून होते ते घराच्या वाटेवर कोसळले. दीडशे वर्षांपूर्वी हे इथून दहा-बारा किलोमीटरवर घडलं, आणि तरी आपण आजही 'तिथे बरी होतीस, मग घरी येऊन काय झालं' असं विचारतो. परत न आलेल्यांचं आपण जपतो. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये चीनला गेले, १९४२ मध्ये तिथेच वारले, आणि ते योग्यच आठवणीत राहिले. त्याच पथकात नागपूरचे डॉ. चोळकर होते. ते परत आले. त्यांना परत आल्यावर झोप लागत होती का, हे कुणी विचारलं असेल का, असं माझ्या मनात येतं.

म्हणून तुझ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. जानेवारीत जाऊ नकोस.

कधीच जाऊ नकोस असं म्हणत नाही. तुझ्यासारखी माणसं लागतात तिथे. पण 'तिथे बरी होते' याचा अर्थ तिथे त्रास नव्हता असा नाही. तिथे तीनला उठलेलं माणूस उपयोगी होतं आणि इथे ते एकटं पडतं. तिथे दंडाभोवती बोटं जाणं हे काम होतं, इथे ते घाबरवतं. काम थांबलं की खाली साठलेलं वर येतं. पुन्हा कामात बुडालीस तर ते पुन्हा खाली जाईल, आणि पुढच्या वेळी जास्त घेऊन वर येईल. २०१२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १९ संस्थांचे २१२ कार्यकर्ते घेतले होते, मोहिमेवर जाण्याआधी, परतल्यावर आणि मग काही महिन्यांनी. जाण्याआधी साधारण १० टक्के लोकांत नैराश्याची लक्षणं होती, परतल्यावर १९-२० टक्क्यांत, आणि काही महिन्यांनीही तितकीच. चिंता थोडी ओसरली होती, नैराश्य ओसरलं नव्हतं. म्हणजे 'घरी आली आहे, होईल आपोआप' हे बऱ्याच जणांच्या बाबतीत खरं ठरत नाही. त्याच अभ्यासात आणखी एक दिसलं: ज्यांना आधार देणारी माणसं होती त्यांचं कमी बिघडलं.

संस्थेला ईमेल लिही, फोन नको. आत्ता येऊ शकत नाही, झोप आणि मनाचा त्रास आहे, परतल्यानंतरचं मानसिक साहाय्य हवं आहे, खर्च आणि समुपदेशक याबद्दल कळवा. परतताना त्यांनी फोनवर 'सगळं ठीक ना' विचारलं असेल आणि तू 'हो' म्हणाली असशील. सगळे म्हणतात. तो 'हो' आता मागे घेता येतो. मदतकार्यातल्या ताणासाठी नेदरलँड्सच्या अँटारेस फाउंडेशननं आठ तत्त्वं घालून दिली आहेत, बऱ्याच संस्था ती प्रमाण मानतात, आणि आठातली शेवटची दोन मोहीम संपताना आणि संपल्यानंतर द्यायच्या आधाराबद्दलच आहेत. तू उपकार मागत नाहीयेस. यामुळे पुन्हा घेणार नाहीत अशी भीती असेल तर एवढंच म्हणेन, की जी संस्था यावरून नाव कापते तिच्यासोबत बेंतियूत राहणं सुरक्षित नाही.

लग्नातल्या ताटांबद्दल फार लिहीत नाही. राग खरा आहे आणि तो जाऊ नये असं मला वाटतं. आत्याची मात्र माफी माग, ती ताटं तिनं टाकली नव्हती. डॉलरच्या प्रश्नाला "पोटापुरते मिळाले, आत्या" पुरे. आणि सिंहस्थासाठी स्वयंसेवक नर्स हव्यात म्हणून आतापासून कुणी मागे लागलं तर सध्या नाव देऊ नकोस.

पूर आला की आपण कुणी किती क्युसेक ते विचारत नाही, दुतोंड्या मारुतीच्या कुठवर पाणी आलं ते विचारतो. कमरेपर्यंत, छातीपर्यंत. तसं एक माप तू ठेव. वहीत रोज एक आकडा: रात्री किती तास झोप. बाकी काही लिहायचं नाही. उपचार सुरू झाल्यावर पहिले काही आठवडे आकडा खाली जाईलसुद्धा, घाबरू नकोस. तो सलग दोन महिने सहाच्या वर राहिला, फटाका वाजल्यावर तू जागेवर राहिलीस, आणि जायची इच्छा इथून पळण्यासाठी नसून तिथल्या कामासाठी आहे असं तुझ्या समुपदेशकालाही वाटलं, तर पुढच्या मोहिमेचं पत्र पुन्हा काढ. ते मार्चमध्ये होईल किंवा पुढच्या दिवाळीत.

डिसेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मला चार ओळी पाठव. वहीतला आकडा किती, वहिनी काय म्हणाली, आणि बाळाला दात किती आले.